राजसला पिवळी प्लेट

अण्णा मगदूम मागच्या सीटवर जाऊन बसले त्याला वीस मिनिटं झाली होती आणि उतरायचं ते नाव घेत नव्हते. मी दार धरून उभा होतो. मधूनच ते माझ्या हातातून दार ओढून घ्यायचे, लावायचे, आतून उघडायचे, पुन्हा लावायचे. कातड्याच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, छत चाचपलं, खाली वाकून सीटखालचं कापडसुद्धा पाहिलं. अण्णा हुपरीचे चांदीवाले. पैंजण हातात आलं की आधी ते उलटं करून बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. जमलं असतं तर त्यांनी गाडीही उलटी करून बघितली असती.

"सुधाकर, गाडी चांगली हाय," शेवटी ते म्हणाले. "जर्मनवाल्यांपेक्षा तसूभर कमी न्हाई. पण एक सांग. ही गाडी प्रभातची. प्रभातनं आजपतोर निम्म्या महाराष्ट्राला टॅक्सी पुरवल्या. उद्या हीच गाडी पिवळी प्लेट लावून स्टँडवर उभी राहिली, तर मी कुठं तोंड लपवू?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात इंगवले ऑटोमध्ये गाड्या विकत होतो. आमच्या शोरूममध्ये फक्त प्रभात मोटर्सच्या गाड्या. प्रभातची छोटी गाडी तुम्ही पाहिली असेल, तिला आमच्याकडे सगळे चिमणी म्हणायचे. दूधवाल्याकडे चिमणी, क्लासच्या सरांकडे चिमणी, नव्या सुनेच्या माहेरून आलेली चिमणी. मी एकट्यानं आठ वर्षांत सहाशेच्या वर चिमण्या विकल्या होत्या. मग प्रभातच्या मोठ्या साहेबांना वाटलं, किती दिवस चिमण्याच उडवायच्या? त्यांनी बावीस लाखांची राजस काढली.

राजस कशी विकायची हे शिकवायला आम्हाला पुण्याच्या एका पंचतारांकित हॉटेलात नेलं. गाडीला गाडी म्हणायचं नाही, अनुभव म्हणायचं. गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. ॲव्हरेज किती देते असं कुणी विचारलं तर आकडा सांगायचा नाही, नुसतं हसायचं. आता कोल्हापुरात ॲव्हरेज विचारल्यावर तुम्ही नुसते हसलात, तर समोरचा माणूस चप्पल घालून चालू लागतो. मी हसतही होतो आणि हळूच आकडाही सांगत होतो.

गाडी मात्र खरोखर देखणी होती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. नुसती देखणी नाही, आतून-बाहेरून पक्की. पण माणसं यायची, बसायची, फिरवून आणायची, वा वा म्हणायची आणि मुकाट्यानं पुण्याला जाऊन परदेशी गाडी घ्यायची. कंपनीनं राजसच्या नाकावरून प्रभातचा उगवता सूर्य काढून टाकला होता, पण किल्लीवरचा काढायला विसरली. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी ती किल्ली तळहातावर उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "वाडकर, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हे ऐकलं होतं. इथं वाळा सोन्याचा आहे, पण नाव कथलीबाई. माझी बायको म्हणेल, बावीस लाख घालून चिमणीच आणलीत." त्यात आमच्या मालकांनी राजससाठी खास काचेची खोली बांधली होती. आत गालिचा, कॉफीचं यंत्र, मंद गाणी. आणि काचेच्या बाहेर, चिमणीच्या सर्व्हिसिंगला आलेले दूधवाले किटल्या घेऊन बाकावर बसलेले. आतल्या पाहुण्याला बाहेरचे दिसायचे आणि बाहेरचे तर आतल्याकडे टक लावूनच बघायचे.

अशा दिवसांत अण्णा आले. आणि ते बघायला आले नव्हते, घ्यायला आले होते. पुण्यात एका जर्मन गाडीचं त्यांचं बुकिंग झालेलं होतं. ते मोडून प्रभातची घ्यायचं त्यांच्या मनात होतं आणि त्याचं कारण त्यांनी मला गाडीत बसूनच सांगितलं. हुपरीचं पैंजण मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पेढ्यांत जातं आणि तिथं गेलं की त्या पेढीचं होतं. हुपरी कुठाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. "माल आमचा, नाव त्यांचं," ते म्हणाले. "आयुष्य गेलं माझं असं. ह्या कंपनीला तरी आपल्या नावानं भारी माल विकता आला पायजे. म्हणून मी घेणार. पण घेऊन हसं व्हायला नको. जा, प्रतापला बोलव. त्यानं सांगितलं की झालं."

प्रताप म्हणजे आमचे मालक, प्रतापराव इंगवले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मला माणसात आणलं ते दादांनी. बारावी नापास होऊन मी त्यांच्याकडे गाड्या धुवायला लागलो होतो. त्यांनी मला बोलायला शिकवलं, इस्त्रीचा शर्ट घालायला शिकवलं, पहिली गाडी विकली त्या दिवशी स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. माझं लग्न ठरेना तेव्हा मुलीच्या बापाकडे जाऊन, पोरगं माझं आहे म्हणून सांगणारे दादाच. देवाच्या खालोखाल मी त्यांना मानायचो, आणि कधीकधी देवाच्या वरही.

मी केबिनमध्ये गेलो. दादा फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि काय म्हणून विचारलं. मी अण्णांचा प्रश्न सांगितला.

"कंपनीनं लिहून दिलंय," दादा म्हणाले. "राजसला पिवळी प्लेट लागणार नाही. सांग जा."

अण्णा तुम्हालाच बोलावतायत, असं मी म्हटलं. तुम्ही आलात तर बरं.

"मुंबईचा फोन चाललाय. आणि गाडी कोण विकतंय, तू की मी? शब्दही तुझाच पाहिजे. तुझ्या शब्दाला आता वजन आलंय, वाडकर."

मला एवढं पुरे झालं. मी केबिनमधून बाहेर पडलो तेव्हा छाती दोन बोटं फुगली होती. दादा फोनवर आहेत, पण कंपनीनं लेखी कळवलंय, असं मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हुपरीत त्या काळी किलोकिलोनं चांदी कारागिरांच्या घरी बोलीवर जायची. कागद नाही, सही नाही. कागद मागितला तर माणूस दुखावतो आणि पुन्हा दारात येत नाही. समोरच्याचं तोंड बघायचं आणि चांदी हवाली करायची, एवढाच त्यांचा व्यवहार. तीच रीत त्यांनी शोरूममध्ये आणली.

"ते लेखीबिखी मला नको दाखवूस," ते म्हणाले. "तू सांगतोस न्हवं?"

"सांगतो, अण्णा. राजसला पिवळी प्लेट लागणार नाही. माझा शब्द."

ते लगेच गाडीतून उतरले. तिथूनच पुण्याला फोन लावून त्यांनी जर्मन गाडीचं बुकिंग मोडलं. रंग पांढरा सांगितला, कारण अण्णा पांढऱ्याशिवाय दुसरं काही वापरत नसत. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरी टोपी. दादांचा फोन तोवर संपला होता. बाहेर येऊन त्यांनी अण्णांना मिठी मारली, पेढा भरवला, घरच्या सगळ्यांची चौकशी केली. प्लेटचा विषय मात्र निघाला नाही. अण्णांनी काढला नाही, कारण त्यांच्या लेखी तो मिटला होता.

हुपरीत अण्णांनी गाडी आणली म्हणजे हुपरीनं ती तपासून घेतली. पुढच्या तीन महिन्यांत तिथल्या पाच घरांनी राजस घेतली. मी कुणाच्याही दारात गेलो नाही. ते सगळे आधी अण्णांकडे जायचे आणि मग माझ्याकडे यायचे, आणि पिवळ्या प्लेटचं एकानंही विचारलं नाही. कंपनीनं मला पश्चिम महाराष्ट्रातला उत्तम विक्रेता म्हणून काचेचं मानचिन्ह दिलं. बायकोनं ते टीव्हीवर ठेवलं. अण्णा मला आमचा सुधाकर म्हणायला लागले. सणासुदीला त्यांच्या घरून खाऊचा डबा यायचा आणि तो परत पाठवताना रिकामा कसा पाठवायचा म्हणून बायको हैराण व्हायची.

पण एका हुपरीनं कंपनी चालत नाही. बाकी सगळीकडे राजस उभ्याच राहिल्या. आमच्या गोकुळ शिरगावच्या यार्डात सव्वीस पांढऱ्या राजस धूळ खात होत्या. कंपनी माल पाठवायची थांबेना आणि गिऱ्हाईक यायला तयार होईना. दादा चिडचिडे झाले होते. कॉफीचं यंत्र बंद पडलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. मग एकदा मी बायकोच्या डोहाळजेवणासाठी चार दिवस गडहिंग्लजला गेलो. परत येऊन पाहतो तर यार्ड रिकामं. दादांना विचारलं, तर कंपनीनं माल परत नेला म्हणाले. मला हायसं वाटलं. एवढ्या चांगल्या गाड्या धुळीत बघवत नव्हत्या.

पुढच्या महिन्यात अण्णांच्या भाचीचं लग्न होतं, सांगली-मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात. अण्णा मुलीचे मामा, म्हणजे मुलीकडचे मुख्य कर्ते. मला त्यांचं आग्रहाचं बोलावणं होतं. दुपारी साडेबाराच्या अक्षता होत्या. मी स्कूटर लावली, वळलो आणि जागीच थांबलो.

कार्यालयाच्या कुंपणाला लागून एका ओळीत चार राजस उभ्या होत्या. पांढऱ्या. चौघींना पिवळ्या प्लेट.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुठल्या शहरातून आल्या असतील. मी मागच्या बाजूला गेलो. प्रत्येकीच्या मागच्या काचेवर, खाली डाव्या कोपऱ्यात, आमची निळी पट्टी होती. इंगवले ऑटो, कोल्हापूर. ती पट्टी यार्डातला आमचा माणूस लावतो आणि नेहमी थोडी तिरकी लावतो. या चारही तिरक्या होत्या. सावलीत चार ड्रायव्हर बसले होते, पांढरे सदरे, पांढऱ्या पँटी, पांढऱ्या टोप्या. त्यांतल्या एकाला विचारलं. वरपक्षाच्या पाहुण्यांना पुण्याच्या विमानतळावरून घेऊन आलो, म्हणाला. कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या. आमच्याकडं अशा सव्वीस हायेत.

मी मांडवात गेलो, अक्षता टाकल्या, कुणाशी तरी हसलो. अण्णांनी त्या गाड्या पाहिल्या होत्या की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ते पाहुण्यांना हाताला धरून जेवायला बसवत होते. मला त्यांनी पाहिलं आणि जेवून घे म्हणून खूण केली.

दीडच्या सुमाराला ते बाहेर आले. त्यांची गाडी जागा नव्हती म्हणून त्याच ओळीत, चौथ्या टॅक्सीच्या पुढे उभी होती. डिकीतून आहेराच्या साड्यांची पेटी काढायची होती. मी धावत मागे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण त्यांना एकटं जाऊ देऊ नये असं वाटलं. त्यांनी पेटी काढून एका पुतण्याच्या हाती दिली आणि डिकी बंद करणार, एवढ्यात वरपक्षाचे एक गृहस्थ बॅग घेऊन घाईनं आले. पन्नाशीचे, चष्मा, कोट. त्यांनी बॅग थेट डिकीत टाकली.

"मिरज जंक्शन," ते अण्णांना म्हणाले. "सव्वादोनची गाडी आहे. सोडाल ना वेळेत?"

मी पुढे झालो. अहो, हे मुलीचे मामा आहेत, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"बसा," ते पाहुण्यांना म्हणाले. मग मला, "तू बी बस. म्होरं."

गाडी अण्णांनी स्वतः चालवली. मी त्यांच्या शेजारी बसलो. मागचे गृहस्थ स्वभावानं गोड होते, सगळ्या रस्त्यानं बोलत होते. सकाळी अशाच गाडीतून आलो, फार आरामशीर गाडी आहे, म्हणाले. आमच्या ऑफिसनंही आता विमानतळासाठी ह्याच लावल्यात. कंपनीनं ही टॅक्सीसाठीच काढली असावी, दुसरं कोण घेणार? मग त्यांनी टॅक्सीत बसणारा प्रत्येक माणूस विचारतो तेच विचारलं.

"गाडी मालकाची, की स्वतःची?"

"स्वतःची," अण्णा म्हणाले.

"वा. हप्ते फिटले?"

"रोख घेतली."

गृहस्थांना कौतुक वाटलं. मेहनत केली की होतं सगळं, असं ते म्हणाले. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझे कान इतके तापले होते की थंड हवेचा झोत सोसवत नव्हता. अण्णांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि रस्त्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

स्टेशनवर अण्णांनी खाली उतरून डिकीतून बॅग काढून दिली. किती झाले, असं विचारल्यावर समजून द्या म्हणाले. गृहस्थांनी तीनशे रुपये दिले. अण्णांनी ते घेतले, नमस्कार केला. परतीच्या वाटेवर मीच सुरुवात केली, अण्णा, मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"आत्ता काय सांगू नगस. आधी विचारून ये. मग हुपरीला ये. मी वाट बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या केबिनमध्ये गेलो. ते मोसंबी सोलत होते. दादा मोसंबी फार निगुतीनं सोलायचे, साल अखंड निघाली पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. मला त्यांनी बस म्हटलं. मी उभाच राहिलो आणि कंपनीचं पत्र दाखवा म्हटलं.

"कसलं पत्र?"

"राजसला पिवळी प्लेट लागणार नाही, असं कंपनीनं लिहून दिलंय म्हणाला होतात."

"असं पत्र कुठली कंपनी देते, वाडकर? शहाणा माणूस तू."

ट्रॅव्हल्स कुणाची, ते मी विचारलं. मेव्हण्याची, म्हणाले, जराही न अडखळता. सव्वीस गाड्या उभ्या ठेवून दुकान बुडवायचं होतं का? तुम्हा चाळीस जणांची घरं त्यावर चालतात. कंपनीनंच सुचवलं, मोठी सूट दिली. ती गाडी चालणार नाही हे त्यांना पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं. अण्णा आले त्याच्याही आधी. हे शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले आणि एक फोड त्यांनी तोंडात टाकली.

"म्हणजे तेव्हाच तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"अंदाज होता."

"मग मला का पाठवलंत? अण्णा तुम्हाला बोलावत होते."

दादांनी हातातली मोसंबी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. समजूत घालावी तशा सुरात बोलले, पूर्वी मला गिऱ्हाईक ओळखायला शिकवायचे त्याच सुरात.

"अण्णा मला तीस वर्षं ओळखतो. माणसाचं तोंड बघून तो चांदी देतो. त्याच्या समोर मी खोटं बोललो असतो, तर त्याला तिथल्या तिथं कळलं असतं. तुझं तसं नव्हतं. तू खरं समजून बोललास, म्हणून त्याला खरं वाटलं. आणि मी अण्णाला कुठं शब्द दिला? शब्द तू दिलास."

तेव्हा मला सगळं दिसलं. फोनवर मुंबई होती की नव्हती, कोण जाणे. माझ्या शब्दाला वजन आलंय म्हणाले होते, ते खरंच होतं. मी खोटं बोलायला शिकलो नव्हतो म्हणूनच त्यांनी मला वापरलं. तेरा-चौदा वर्षं ज्यांच्या हाताखाली वाढलो, त्यांनी केसानं गळा कापला, आणि तोही माझ्या हातून दुसऱ्याचा. मला रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी एकतीस वर्षांचा बाप्या त्यांच्या समोर उभा राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतो.

दादा उठून माझ्याजवळ आले. पाठीवर हात ठेवला. घरात बाळ येणार आहे, हळवा होऊ नकोस, म्हणाले. एक तारखेपासून तू मॅनेजर. पगार दीडपट. हे तसंही द्यायचंच होतं. विचार कर आणि उद्या सांग.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. विचार करतो, असं म्हणून बाहेर आलो आणि स्कूटर काढून थेट हुपरीला गेलो.

अण्णांच्या घराला लागूनच त्यांचा कारखाना होता. बाया ओळीनं बसून पैंजणांना घुंगरू जोडत होत्या. अंगणात पाच पांढऱ्या राजस उभ्या होत्या. हुपरीत राजस सहा, हे मला पाठ होतं, कारण सहाही मीच विकल्या होत्या. त्यांतल्या पाच इथं कशा, ते मला कळेना. अण्णांनी ओसरीवर खुर्ची दिली आणि आत चहा ठेवायला सांगितलं.

मी एकेक सगळं सांगितलं. पत्र नव्हतं, मेव्हण्याची ट्रॅव्हल्स, मुंबईचा फोन, मला पुढं करण्याचं कारण. काहीही राखून ठेवलं नाही. दादांचं ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं, कारण ते मला एकट्याला पोटात ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. माझं संपल्यावर अण्णांनी अंगणातल्या गाड्यांकडे पाहिलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडावर काल सगळं लिहिलेलं होतं. गाडीत तू जसा बसला होतास, तसा लबाड माणूस बसत न्हाई. तुला माहीत नव्हतं, त्यात तुझी चूक न्हाई."

दोन दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला. मी अंगणातल्या गाड्यांचं विचारलं. काल लग्नाहून आल्यावर अण्णांनी त्या पाचही घरांना बोलावणं धाडलं होतं. गाडी माझ्या भरवशावर घेतलीत, ज्याला नको असेल त्यानं किल्ली माझ्याकडं ठेवा, दिले तेवढे पैसे घेऊन जावा, असं सांगितलं होतं. चौघांनी किल्ल्या आणून दिल्या. पाचवा म्हातारा ऐकेना, गाडी चांगली आहे म्हणून बसलाय. म्हणजे चार त्यांच्या आणि एक अण्णांची.

"त्यांना माझं नाव सांगायचं होतंत," मी म्हणालो. "शब्द मी दिला होता."

"मला तू दिलास. त्यांना मी दिला." अण्णांनी यावर जास्त चर्चा होऊ दिली नाही. ते गाडीबद्दलच बोलत राहिले, आणि त्यांचा खरा राग तिथं होता. "गाडी कमी नव्हती रं. दहा वर्षं कळ काढली असती, तोट्यात ऱ्हायले असते, पण पिवळी प्लेट लावू दिली नसती, तर लोकांनी मानलं असतं. लोक हळूहळू मानतात. ह्यांनी स्वतःच मानलं न्हाई. आपल्या मालाला जो स्वतः हलका समजतो, त्याचा माल दुसऱ्यानं का भारी समजावा? मी खुळा. मला वाटलं, त्यांना बी माझ्यासारखंच वाटत असंल."

एवढ्या वेळात त्यांचा आवाज तिथं एकदाच कापला.

मग ते सावरले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुनी माया होती. सुधाकर, म्हणाले, तू आता काळजी करू नगस. नोकरी सोडून आलाईस, तर काय उपाशी मरत न्हाईस. मला बाहेरगावच्या पेढ्यांत फिरायला माणूस पायजेच हाय. पगार इंगवल्याएवढा न्हाई जमायचा, पण घर चालंल. कधीपास्नं येतोस?

बायको आठव्या महिन्यात होती. नवा फ्लॅट होता. हे सगळं खरं होतं, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर यातलं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मॅनेजरची केबिन होती.

"सोडली न्हवं नोकरी?" अण्णांनी विचारलं.

"अजून नाही. दादा मॅनेजर करतो म्हणालेत."

"मग तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शोरूममध्ये बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, निदान रागावतील. मग मी समजावलं असतं, फ्लॅटचं सांगितलं असतं, पाया पडलो असतो. ते उठले आणि ओसरीवरूनच त्यांनी आत सुनेला हाक मारली.

"चहा आणू नगस गं. पाहुणे निघाल्यात."